कित्त्यावरचे सात ठिपके

१९१० सालच्या चैत्रात सोमाजी मास्तरांनी कित्ते लिहिणं बंद केलं. पेठेत कुणाच्या ते लक्षात आलं नाही. शाळेच्या दुय्यम मास्तराच्या, सावळेरामच्या, मात्र दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून त्याला नीट झोप लागली नाही.

जुन्नरच्या पेठेत शांतीलाल शेठच्या वखारीला लागून एक लांबट पडवी होती. तिथं ही शाळा भरे. लोक तिला मोडीची शाळा म्हणत. सरकारी शाळा वेगळी होती, तिला ग्रँट होती, तिथं तपासणीला डिपोटी येत. मोडीच्या शाळेला ग्रँट नव्हती, त्यामुळे काय शिकवायचं हे कुणी सांगत नव्हतं, आणि मास्तर थकले तर पुढं कोण, हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. दुकानदारांना मुलं मोडीत झरझर लिहिणारी आणि पावकी-निमकी तोंडपाठ असलेली हवी असत, म्हणून ती शाळा सत्तावीस वर्षं चालली होती.

शाळेचा जीव कित्त्यात होता. घोटलेल्या जुन्नरी कागदावर जाड बोरूनं लिहिलेल्या दोन ओळी, म्हणजे कित्ता. आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं ओवत जायची. मुलगा तो कित्ता समोर ठेवून दिवसभर गिरवी. वर्षा-दोन वर्षांत त्याचं अक्षर मास्तरांच्या अक्षरासारखं वळे. नगरच्या अडतीवर एखादं पत्र उघडलं की तिथला मुनीम सही न बघता सांगे, हे जुन्नरच्या सोमाजीच्या हाताखालचं पोर आहे. म्हणून नियम एकच होता. कित्ता फक्त मुख्य मास्तरांनी लिहायचा. जाड बोरू त्यांचा. दुय्यम मास्तरानं बारीक बोरूनं चुका दाखवायच्या आणि पाढे म्हणून घ्यायचे.

सावळेराम हे एकोणीस वर्षं करत होता. तो कळंबचा. घरची जमीन थोरल्या भावाकडे गेली होती आणि भावाला त्याचं तिथं परत येणं परवडणारं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो या शाळेत आला तेव्हा त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. सोमाजींनी त्याला सहा महिने मुलांच्या रांगेत बसवून गिरवायला लावलं. आता तो अडतीस वर्षांचा होता. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. आपल्यानंतर सावळेराम, असं ते कधी बोलले नव्हते, पण दुसरं नावही कधी घेतलं नव्हतं. या न बोललेल्या गोष्टीवर सावळेरामनं सगळं आयुष्य ठेवलं होतं.

पूर्वी मास्तर सकाळी चटईवर बसून मुलांसमोर चाळीस कित्ते लिहीत. चैत्रापासून ते घरून एक पितळी पट्ट्यांची पेटी आणू लागले. तिला कुलूप असे. तयार कित्ते त्यातून काढायचे, मुलांना वाटायचे, आणि संध्याकाळी मोजून परत पेटीत ठेवायचे. आधी मुलं कित्ते घरी नेत, फाडत, होड्या करत. आता एक जरी कमी भरला तरी मास्तर दाराशी उभे राहून दप्तरं उघडायला लावत.

सावळेरामनं कारण विचारलं, तर मास्तर म्हणाले की कागद जपून वापरायला हवा.

हे त्याला पटलं नाही. कारण बदरुद्दीन कागदी त्याला पेठेत भेटला होता आणि कुरकुरत होता की, या मोसमात मास्तरांनी एक दस्ता कागद नेला नाही. मग हे कित्ते कोणाच्या कागदावर येतात? कोण लिहितं? मास्तर लिहीत नव्हते, हे नक्की. जाड बोरू पडवीच्या मधल्या खांबावरच्या खिळ्याला टांगलेला होता आणि त्याच्या टोकाशी शाई वाळून पोपडा धरला होता. सावळेराम रोज येताजाता तो पोपडा बघे.

त्यात पत्रं सुरू झाली. मास्तरांचा पुतण्या गेणू लहानपणी याच शाळेत गिरवलेला, पुढं पुण्यात ट्रेनिंग कॉलेज पास होऊन मास्तर झाला होता. त्याची पत्रं येत, आणि उत्तरं मास्तर स्वतः जाऊन टपालपेटीत टाकत. पूर्वी हे काम सावळेरामचं होतं. एकदा तो मास्तरांच्या घरी गेला तेव्हा मास्तरांची बायको साळुबाई त्यांना एक पत्र वाचून दाखवत होती. त्याला बघून मास्तरांनी पत्र मांडीखाली सरकवलं. साळुबाई म्हणाली, “ये, सावळेराम. उभा का? चोरी करायला आलास का काय?” ती नेहमीच तसं बोलायची. त्या दिवशी मात्र ते त्याला नेहमीसारखं वाटलं नाही.

भाद्रपदात एके संध्याकाळी कित्ते मोजताना त्यानं एक आपल्या धोतराच्या निऱ्यांत दडवला. मास्तरांनी मोजले, पुन्हा मोजले. एकोणचाळीस. त्यांनी सावळेरामकडे पाहिलं, थोडंसं हसले आणि पेटीला कुलूप लावलं. दप्तरं उघडायला लावली नाहीत. त्या हसण्यानं सावळेराम आणखी अस्वस्थ झाला. त्याला वाटलं, पकडलं आणि तरी सोडलं, म्हणजे आता आपल्याशी देणंघेणंच संपलं.

घरी त्यानं तो कागद दाराच्या उजेडात धरला. कडुनिंबाचा पाला ठेवल्यासारखा वास येत होता. अक्षर सोमाजी मास्तरांचंच वाटे, पण त्यांचं नव्हतं. जाड रेघेची रुंदी त्यानं तांदळाच्या दाण्यानं मोजली, सगळीकडे एकसारखी भरली. मास्तरांच्या रेघेत इतका सारखेपणा कधीच नसे. खाली उतरणारी ओढ मास्तर शेवटी मोकळी सोडून देत, इथं ती जपून थांबवलेली होती. ज्यानं लिहिलं त्याला मास्तरांचं सगळं वळण येत होतं आणि त्याचा हात तरणा होता.

त्याची बायको भागू भाकरी थापता थापता बघत होती. “काय शोधताय त्यात? पिशवी हरवल्यावानी.”

“मास्तरांनी दुसरा माणूस ठेवलाय,” तो म्हणाला. “गेणूच असणार. तिकडून लिहून पाठवतो.”

“मग इचारा की त्यास्नी.”

“विचारून सांगणार आहेत?”

“एकोणीस वर्सं तुमी इचारलंच न्हाई,” भागू म्हणाली, “आन आता कागदाला इचारताय.”

त्याला राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो शांतीलाल शेठच्या दुकानावर गेला. शेठचं घराणं मारवाडातून आलेलं, पण तिसरी पिढी जुन्नरातच जन्मलेली. त्यांचे दोन नातू शाळेत होते, पडवी त्यांची होती, आणि पेठेतली दहा-बारा घरं त्यांच्याकडे बघून मुलं शाळेत घालत. सावळेरामनं ठरवून ठेवलं होतं की फक्त एवढंच सांगायचं, मास्तर आता लिहीत नाहीत, शाळेचा विचार करायला हवा. मग शेठ म्हणतील, तुम्ही आहात ना. पुढचं आपोआप होईल.

शेठनं कित्ता बघितला. “छान तर दिसतंय,” ते म्हणाले.

परक्याच्या अक्षराला शेठनं छान म्हटलं होतं. “तुम्हाला छान दिसेल,” तो म्हणाला. “हे वळण बिघडलेलं आहे. सहा महिने हेच गिरवलं तर तुमच्या नातवांचा हात कायमचा वाया जाईल.”

“कुठं बिघडलंय? दाखवा.”

शेठच्या गादीशेजारी लाल शाईची दौत होती. सावळेरामनं काडी बुडवली आणि एकेक ठिपका देत गेला. इथं ओढ अडली. इथं वळसा फुगला. इथं अंतर चुकलं. सात ठिपके झाले. हात थांबायला तयार नव्हता.

शेठनं तो कागद वाळेपर्यंत फुंकर घातली. “मी कापड विकतो, मास्तर. वीण सैल असली तर मला अंधारातही कळते. अक्षरातलं मला कळत नाही. तुम्ही म्हणता ते खरं धरतो. पुण्याला आमचे सगेसोयरे आहेत, त्यांना लिहितो. एखादा शिकलेला मास्तर बघा म्हणून.”

सावळेरामला वाटलं होतं त्यातलं काहीच झालं नव्हतं. मी आहे की, एवढे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. शेठ कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवत होते. “काळजी नको,” ते म्हणाले. “नवा कोणी आला तरी दुय्यमाची जागा तुमचीच.”

त्यानंतर पंधरा दिवस तो सगळ्यांकडेच संशयानं बघत होता. मास्तर हसले तरी त्यात त्याला डाव दिसे. शेठचा नोकर वखारीत आला तरी तो पडवीच्या खांबाआड उभा राहून ऐके. पण एक गोष्ट राहून राहून डोक्यात येई. कागद कोणाचा? गेणू पुण्याहून पाठवत असेल तर कागद पुण्याचा हवा. घोटाई तर जुन्नरची होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं आणखी एक कित्ता उचलला आणि तो थेट बदरुद्दीनच्या कारखान्यावर गेला.

कारखाना म्हणजे ओढ्याकाठचं एक छप्पर. हौदात जुन्या सुतळीचा आणि रद्दीचा लगदा भिजत पडलेला. बदरुद्दीन गवताच्या काड्यांची चटई लाकडी चौकटीत धरून हौदात बुडवी, वर काढी, पाणी गळून जाई आणि चटईवर ओल्या कागदाचा पापुद्रा उरे. ओट्यावर त्याची म्हातारी आई बिबिजान वाळलेले कागद गारगोटीनं घोटत बसली होती.

सावळेरामनं कित्ता पुढं केला. “हा कोणाच्या हातचा, सांग.”

बदरुद्दीननं ओले हात पुसले आणि कागद मावळतीकडे धरला. चटईच्या काड्यांच्या रेघा उजेडात दिसू लागल्या. तो हसला. “आमचाच हाय की राव. पन आत्ताचा न्हाई.”

“म्हणजे?”

“ही रेघ बघा. कडंपासनं तीन बोटांवर तिरपी गेलीय. अब्बांच्या चटईची तिथली काडी पलेगच्या साली तुटली व्हती, त्यांनी दोऱ्यानं शिवली, त्याची खूण हाये ही. समद्या कागदावर उठायची. मग त्याच साली सरकारी मान्सं आली, घरातली गवतकाडी समदी भाईर काढून जाळली. त्यात ती चटई बी गेली. त्याच्या नंतर ह्यो कागद हुनारच न्हाई.”

बिबिजान घोटता घोटता म्हणाली, “त्या साली एकच गिऱ्हाईक व्हतं बाबा. तुमचे मास्तर. बाकी गाव माळावर.”

सावळेराम ओट्याच्या कडेला बसला. कागद त्याच्या हातात तसाच होता.

प्लेगच्या साली सगळं गाव शिवाराबाहेर झोपड्या घालून राहिलं होतं. सोमाजी मास्तरांनी तिथंही शाळा भरवली. मग त्यांना ताप आला. प्लेगचा नव्हता, हिवताप होता, पण चाळीस दिवस ते उठले नाहीत. मुलं रिकामी बसू नयेत म्हणून त्यांनी जाड बोरू सावळेरामला दिला आणि पडल्या पडल्या सांगितलं, लिही. पंचवीस वर्षांचा सावळेराम गुडघ्यावर फळी ठेवून रोज लिहीत होता. मास्तरांच्या वळणात जराही फरक पडू नये म्हणून जपून, प्रत्येक ओढ थांबवून थांबवून. मास्तर उठले त्या दिवशी त्यांनी उरलेले सगळे कित्ते गोळा केले आणि बोरू परत मागून घेतला. कित्त्यांचं पुढं काय झालं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

तेरा वर्षांनी ते पेटीतून बाहेर आले होते. सात महिने शाळेतली चाळीस मुलं त्याचंच अक्षर गिरवत होती. आणि त्यानं ते गेणूचं समजून त्यात सात चुका काढल्या होत्या.

तो तिथून मास्तरांच्या घरी गेला. दार साळुबाईनं उघडलं. त्याच्या हातातला कागद बघून ती आत वळून म्हणाली, “घ्या. आला तुमचा मुका मास्तर.”

मास्तर ओसरीवर बसले होते. सावळेरामनं काही विचारायच्या आत त्यांनी उजवा हात पुढं केला. बोटं थरथरत होती. ती थांबवायला त्यांनी डाव्या हातानं मनगट धरलं, तरी थांबली नाहीत.

“शिमग्यापासून,” ते म्हणाले. “ओतूरच्या वैद्यानं तेल दिलं, लेप दिला. काही नाही. पेठेला कळलं असतं की मास्तरचा हात गेला, तर आठवड्यात पडवी रिकामी झाली असती. म्हणून आधी पोरांची बोटं तुझ्या वळणावर वळू दिली. उद्या पाटीपूजनाला तुझं नाव सांगतो. आता कुणी म्हणायला नको की फरक पडला.”

“आणि गेणू?”

“त्याला शाळा हवी होती. तीन पत्रांत तीनदा नाही म्हणून कळवलं. साळूच लिहिते, मला कुठं धरता येतंय.” मास्तर हसले, त्या दिवशी मोजणीला हसले होते तसंच. “मला वाटलं, तू पहिल्याच दिवशी ओळखशील. ओळखलंस आणि गप्प बसलास. एक कित्ता आठवण म्हणून नेलास, तेही बघितलं मी. सात महिने एक अक्षर बोलला नाहीस. तेव्हाच म्हटलं साळूला, शाळा याच्या हातात नीट राहील.”

सावळेरामनं तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यानं मान हलवली आणि तो घरी गेला.

दसऱ्याला पडवी सारवून घेतली होती. मुलांनी पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती, तिच्यावर झेंडूची फुलं ठेवली होती. पेठेतले पंधरा-वीस पालक आले होते. शांतीलाल शेठ पुढं बसले होते. सोमाजी मास्तर उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात दाखवला. मग सांगितलं की चैत्रापासून मुलं सावळेरामचं अक्षर गिरवत आहेत, कुणालाही फरक दिसला नाही, तेव्हा आजपासून मुख्य मास्तर तो.

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेठ हलले नाहीत. त्यांनी सावकाश कोटाच्या खिशातून एक घडी काढली, उलगडली आणि मांडीवर ठेवली. सात ठिपके वर होते. ते कोणी दिले हे त्या पडवीत दोघांनाच माहीत होतं.

“सावळेराम मास्तर,” शेठ म्हणाले, “हे अक्षर कसं वाटतं तुम्हाला?”

छान आहे, असं म्हटलं असतं तर शेठच्या नजरेत तो खोटारडा ठरला असता. बिघडलेलं आहे म्हटलं असतं तर शाळा गेली असती. त्यानं सोमाजी मास्तरांकडे पाहिलं. ते अजून हसतच होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“ठिपके मी दिलेत,” सावळेराम म्हणाला. “अक्षरही माझंच आहे. मी ते ओळखलं नाही. मला वाटलं मास्तरांनी दुसरा कोणी आणलाय. म्हणून शेठकडे जाऊन मी ते वाईट ठरवलं.”

मास्तरांचं हसू हळूहळू गेलं. ते खाली बसले. साळुबाई दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मागं कुणीतरी हसलं. शेठनं हात वर करून त्याला गप्प केलं. “स्वतःच्या मालात स्वतः खोट काढणारा माणूस मी पेठेत बघितला नाही,” ते म्हणाले. “आता एवढं सांगा. या सात चुकांत खऱ्या किती?”

सावळेराम पुढं आला, वाकला आणि त्यानं कागद नीट बघितला. बराच वेळ बघितला. “पाच खोट्या,” तो म्हणाला. “दोन खऱ्या आहेत. ओढ मी फार जपून थांबवतो, ती मोकळी सोडायला हवी. आणि हे अंतर चुकलंय.”

शेठ कागद घडी करू लागले. “दोन सुधारा. गुढीपाडव्यापर्यंत बघू. पुण्याला पत्र मात्र गेलंय, ते काही परत येत नाही.”

पुण्याचा माणूस दिवाळीनंतर टांग्यातून आला. ग्रँट नाही, पेन्शन नाही, डिपोटी नाही हे कळल्यावर त्यानं चहा घेतला आणि त्याच टांग्यानं गेला. तीन घरांनी मुलं काढून सरकारी शाळेत घातली. बाकीची राहिली. पाडवा आला आणि गेला, शेठ काही बोलले नाहीत, आणि सावळेराम पुढं बावीस वर्षं मुख्य मास्तर राहिला.

सोमाजी मास्तरांनी त्याला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जाड बोरू त्याच्या हातात दिला तो साळुबाईनं, टोक नवं कापून. पण मास्तर जगले तोवर रोज सकाळी शाळेत येत. चटईच्या कडेला बसत आणि सावळेरामनं लिहिलेला पहिला कित्ता मागून घेत. शेजारी लाल शाईची एक लहान दौत आणून ठेवलेली असे. थरथरत्या बोटांनी ते काडी बुडवत आणि कागदावर कुठंतरी एक ठिपका देत. अक्षर लिहिणं आता त्यांना जमत नव्हतं, ठिपका जमे.

मग ते कित्ता परत देत आणि काही न बोलता बाहेर बघत बसत. सावळेराम तो ठिपका उजेडात धरून बराच वेळ बघत राही. ही चूक खरी की खोटी, हे त्याला एकाही सकाळी खात्रीनं सांगता आलं नाही. म्हणून तो प्रत्येक वेळी ते अक्षर पुन्हा लिहून काढी.